पाचवी रेघ

साहेबांना दोन गोष्टींचा तिटकारा होता: एक पसारा, आणि दुसरी, पसारा करणारी माणसं. म्हणून त्या विमा कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर त्यांनी वस्तूंच्या कडेकडेने पांढरी रेघ मारून घेतली होती. स्टेपलर, फोन, पेनांचा डबा, पाण्याची बाटली. रेघेबाहेर काही दिसलं की जप्त. रेघ रिकामी दिसली की वस्तू हरवल्याचा शेरा.

सगळे ज्याला ‘नवा’ म्हणत, त्याच्या नावावर अजून एकही शेरा नव्हता. शुक्रवारची तपासणी निभावली की नोकरी कायम होणार होती. आधीच्या नोकऱ्यांनी त्याला नारळ दिला होता. तो ताईकडे सोफ्यावर झोपायचा आणि भाऊजी हल्ली सोफा विकायच्या गोष्टी करत होते.

गुरुवारी सकाळी त्याच्या टेबलावर पाचवी रेघ होती.

रंग जुना, पोपडे धरलेला, जणू टेबल आणलं तेव्हापासूनचा. आकार लंबगोल, पण एका कडेला रेघ बाहेर येऊन झालेला छोटा उंचवटा आणि त्याच्याखाली खाच. शेजारच्या टेबलावरच्या, निवृत्तीला टेकलेल्या काकूंनी चष्मा चढवून पाहिलं.

“बटाटा,” त्या म्हणाल्या. “स्टेशनरीत मिळतो का विचार.”

रेघ कुणी मारली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने थिनरने घासून पाहिलं. कापड पांढरं झालं, रेघ तशीच राहिली. वर फाईल ठेवली, तर साहेबांनी फाईल जप्त केली आणि खाली बोट दाखवलं.

“ही रिकामी का? उद्यापर्यंत भरा.”

खरं तर त्याने घाबरायला हवं होतं, पण त्याला कोडं सुटेना याचीच चुटपुट लागली. जेवणाचा डबा ठेवला, त्याची पिशवी ठेवली, कुणी बघत नाहीसं पाहून डाव्या पायातला बूटही ठेवला. सगळं जवळपास बसायचं, तेवढा उंचवटा मोकळा राहायचा. रेघेच्या आत लाकूड कोमट लागायचं. नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखं.

शुक्रवारी साहेब शेजारच्या रांगेत पोचले, तरी रेघ रिकामीच. शेवटचं म्हणून ती आडवी कशी दिसते ते बघायला तो एक डोळा मिटून वाकला. आणखी वाकला. गाल लाकडाला टेकला.

नाक उंचवट्यात गेलं. ओठ खाचेत.

काय सुरेख बसलं होतं.

साहेब आले. उठायचं त्याच्या मनात होतं, पण इतकं चपखल बसलेलं काही हलवायचं त्याच्या जिवावर आलं.

“पाच,” साहेब म्हणाले. “सगळं जागेवर.” त्यांनी बरोबरची खूण केली. मग नवा कुठे गेला म्हणून विचारलं.

“इथेच होता,” काकू थेट त्याच्याकडे बघत म्हणाल्या. “सारखा इकडेतिकडे बघायचा. आता टेबल कसं नीटनेटकं वाटतंय.”

जाताना काकूंनी त्याची खुर्ची टेबलाखाली सारली. ती पूर्ण आत गेली.

संध्याकाळी सफाईवाले मामा आले. त्यांनी स्टेपलर उचलून पुसला, रेघेत ठेवला. फोन पुसला. डबा, बाटली.

मग ओलं कापड त्याच्या कानामागून हळुवार फिरलं, आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी किंचित आत सरकवली.

रेघेबाहेर आली होती.