आईचा हार्नेस

कड्याच्या टोकावर तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. हसला, मागे पाऊल टाकलं आणि दिसेनासा झाला. मी किंचाळले. माझ्या वर्गातल्या मुली माझ्याकडेच बघत राहिल्या, कारण त्यांना दोर दिसला होता, मला नव्हता.

"कोण ओरडलं?" खालून आवाज आला.

"आमच्या मॅडम," मुलींनी एका सुरात चुगली केली.

एल्गॉन पर्वताच्या पायथ्याशी आमच्या शाळेचं साहसी शिबिर होतं, आणि बरासाची नि माझी ओळख ही अशी झाली. तो मुलींना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, शिकवायला आलेला. मी भूगोलाची शिक्षिका, आणि मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं.

"नेलिमा मॅडम, भूगोल शिकवता, मग डोंगराशी एवढं वैर का?" दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यानं माझ्यापुढे तळलेली गोड मंदाझी धरत विचारलं.

"नकाशातल्या डोंगरावरून कुणी पडत नाही."

"मी धरलेल्या दोरावरूनही नाही."

"सगळ्यांना असंच सांगता वाटतं?"

"सांगतो सगळ्यांना. मंदाझी मात्र... सगळ्यांना नाही देत."

मी कपात बघत बसले. कान तापले होते, आणि चहाचा काही दोष नव्हता.

रोज मी कमरेला हार्नेसचे पट्टे चढवायची, कड्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. त्याचा एक नियम होता – दोर धरणाऱ्यानं समोरच्याची गाठ स्वतःच्या हातानं तपासायची, नुसतं बघून चालायचं नाही. माझ्या कमरेशी गाठ ओढून बघताना तो मान वळवून निलगिरीच्या झाडांकडे बघायचा. मी श्वास रोखून धरायची. "उद्या उतरा," तो हळूच म्हणायचा. त्याहून जास्त तो कधी बोलला नाही.

शेवटच्या दिवशी आई आली. आई म्हणजे आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. तिच्या मनात माझ्यासाठी बुंगोमा शहरातला एक डॉक्टर होता, आणि दोराला लोंबकळून पोट भरणाऱ्यांबद्दल तिचं मत मला चांगलं ठाऊक होतं. मुलींना धडा म्हणून ती स्वतः कडा उतरणार होती. मी तिला हार्नेस चढवला. ती ताठ मानेनं बरासासमोर जाऊन उभी राहिली.

"चल, तपास आणि सोड मला खाली."

त्याचा हात पुढे आला... आणि मध्येच थांबला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, खाली बघितलं.

"माफ करा मॅडम. मला तुम्हाला हात लावता येत नाही."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. आम्हा बुकुसू लोकांमध्ये जावई सासूला शिवत नाही, सासू त्याच्या वाटेतून बाजूला होते आणि त्याच्याशी थेट बोलतही नाही. हे तिथल्या प्रत्येक मुलीला माहीत होतं.

"मी इथं मुख्याध्यापिका म्हणून उभी आहे," आई म्हणाली.

"हो मॅडम. पण मी इथं... नुसता शिक्षक म्हणून उभा नाही."

आई माझ्याकडे वळली. "नेलिमा, तू याला काही कबूल केलंयस?"

"नाही."

बरासाचा चेहरा पडला. मला तो बघवेना.

"त्यानं कधी विचारलंच नाही," मी म्हणाले.

"आत्ता विचारतोय," तो जमिनीकडे बघतच म्हणाला. "नको असेल तर तसं सांगा. मी मॅडमची गाठ तपासतो, त्यांना खाली उतरवतो, आणि विषय संपला."

त्यानं खरंच हात पुढे केला. हा हात आईच्या पट्ट्याला लागला की सगळं संपणार होतं, आणि मी मात्र दगडासारखी उभी होते.

"हात लावू नकोस."

बोलून गेल्यावर कळलं, ते मीच बोलले होते. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं, तेही आईसमोर. त्यानं वर बघितलं. हसायचं की रडायचं ते त्याचं ठरत नव्हतं, आणि माझंही.

आता आई काय करते, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तिनं स्वतःच बकल सोडलं, हार्नेस दगडावर ठेवला, खांद्यावरचा सुती लेसो पदरासारखा डोक्यावर ओढला. आणि जी बाई शाळा तपासायला आलेल्या साहेबांसाठीही कधी बाजूला सरकली नव्हती, ती पायवाट सोडून गवतात उतरली आणि पाठ करून उभी राहिली. मी आ वासून बघतच राहिले.

"नेलिमा," ती गवताकडे बघत म्हणाली, "त्याला सांग, घरी येताना आपल्या काकांना घेऊन यायचं. एकट्यानं आलेला चालणार नाही."

बरासा माझ्या शेजारीच उभा होता, त्यानं शब्द न् शब्द ऐकला होता. तरी मी त्याच्याकडे वळले आणि आईचा निरोप त्याला सांगितला.