हिरवी पट्टी

नासिर शेख सकाळी कार्यालयात आला की आधी परत आलेले मेल बघायचा. लोक पेपरातली निधनवार्तांची पानं बघतात, तसंच ते. त्यात आपलं कुणी नसतं, पण नजर फिरवल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

अमरावतीत वलगाव रोडला, कापसातली सरकी काढणाऱ्या, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या वरच्या मजल्यावर, शेतीसल्ला केंद्र होतं. त्या वर्षांत विदर्भात येणारा प्रत्येक पाहुणा शेतकऱ्यासाठी एखादी योजना बरोबर घेऊन यायचा आणि निघताना बहुतेक इथंच विसरून जायचा. त्यांतली ही एक. दोनशे बारा गावांत एकेक खोली, खोलीत एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर गावातलीच बारावी झालेली मुलगी. शेतकऱ्यानं अडचण सांगायची, मुलीनं ती टाईप करून पाठवायची. मेल अमरावतीच्या सर्व्हरवरून अकोल्याला, मोतीराम तायडे नावाच्या कपाशीच्या जाणकारांकडे जाणार आणि तासाभरात उत्तर गावात. हा मधला सर्व्हर नासिरच्या ताब्यात होता. दोनशे बारा गावं आणि अकोला यांच्या मधे एक लोखंडी कपाट, दोन पंखे आणि सेहेचाळीस वर्षांचा नासिर.

मुलींना शिकवलंही त्यानंच.

"पडद्याच्या खाली पट्टी येते," तो सांगायचा. "हिरवी आली, 'पोचलं' म्हणाली, तर जागचं हलायचं नाही. उत्तर येतेच. लाल आली, 'परत' म्हणाली, तर आमच्या भरोशावर बसायचं नाही. फोन करा, जीप पकडा, काय पाहिजे ते करा."

मुली हे वहीत लिहून घ्यायच्या. काहींनी तर खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

गेल्या वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात, पुण्याहून तपासणीचं पथक येणार होतं. नेमकी तेव्हाच मोतीरामांची मेलची पेटी भरली. गावोगावच्या मुली बोंडअळीचे फोटो पाठवायच्या आणि मोतीराम एकही फोटो पुसायचे नाहीत, इतकं त्यांचं अळ्यांवर प्रेम. मेल धडाधड परत येऊ लागले. मोतीराम त्या वेळी लेकीच्या घरी गेलेले, फोन बंद. संचालक देवमन बोबडे खाली मान घालून म्हणाले, "नासिरभाई, परतीचा आकडा शून्य दिसला पाहिजे. नाई तं योजना गेली समजा. तुमी, मी, दोनशे बारा पोरी, सगळेच घरी."

नासिरनं सर्व्हरला एक ओळ लिहून दिली. जो मेल पोचणार नाही तो टाकून द्यायचा आणि 'पोचलं' असं कळवायचं. फक्त तीन दिवस. पथक आलं, शून्य बघितलं, संत्री खाल्ली आणि गेलं. 'शंभर टक्के टपाल' असं प्रमाणपत्र काचेत बसून भिंतीवर लागलं. नासिरनं ती ओळ पुसली. तीन दिवसांत एक्केचाळीस मेल टाकले गेले होते. कोणत्या गावांचे, ती यादी त्याच्याकडे होती. ती त्यानं उघडली नाही. उघडून करायचं काय, असा त्याचा हिशोबी विचार होता.

यंदा पथक सोमवारी येणार होतं. बुधवारी सकाळी त्याला रांगेत एक मेल अडकलेला दिसला.

मेल पोचला नाही की तो रांगेत थांबतो. सर्व्हर तासातासाला प्रयत्न करतो आणि पाचव्या दिवशी नाद सोडतो. या मेलपुढे इंग्रजीत कारण होतं, पेटी भरली; आणि प्रयत्न ८,९०४. तारीख गेल्या वर्षीची, त्या तीन दिवसांतली. वेळ सकाळी अकरा चाळीस. केंद्र क्रमांक ११७, मोर्शीच्या पुढचं गाव, पाठवणारी ललिता. मेलच्या आत काहीच नव्हतं. टाकलेल्या मेलच्या आत काय असणार?

नासिरनं मेल पुसला. गुरुवारी तो पुन्हा रांगेत. प्रयत्न ८,९२८. चोवीस तास, चोवीस प्रयत्न. हिशोब चोख होता आणि नासिरला तेच आवडलं नाही. पथकानं ही तारीख बघितली, तर ते त्या तीन दिवसांबद्दल विचारणार. मग ती काच भिंतीवरून उतरणार आणि सोबत सगळेच.

त्यानं अकोल्याला फोन लावला. "सर, तुमची पेटी भरली का?"

"माही पेटी?" मोतीराम हसले. "धुऊन पुसून ठेवली गा. मागच्या साली तुमी केवढे बोंबलले! काहून?"

"एक मेल म्हणते, पेटी भरली."

"कोणाचा?"

नासिर म्हणाला, "जुना आहे," आणि त्यानं फोन ठेवला.

दुपारी मेलचा पत्ता बदलला. आता तो मोतीरामांकडे नाही, देवमन बोबड्यांकडे जायला बघत होता. मेल का पोचला नाही, ते सर्व्हर इंग्रजीत आणि आकड्यांत सांगतो. त्याला मराठी येत नव्हतं. 'पोचलं' आणि 'परत' हे दोन शब्दसुद्धा नासिरनंच त्याच्या तोंडात घातले होते. आता तिथं स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं:

'साहेब जागेवर नाईत.'

बोबडे खरंच जागेवर नव्हते. सकाळीच नागपूरला गेले होते.

कुणीतरी गंमत करतंय, असं नासिरनं ठरवलं. सगळे पासवर्ड बदलले, इंटरनेटची बाहेरची तार काढून खिशात घातली आणि खाली टपरीवर जाऊन चहा घेतला. परत आला तेव्हा सर्व्हरच्या खोलीत वास होता. उग्र, थोडा गोडसर, घशात बसणारा.

"माणिकबाई, फिनाईल टाकलं का?"

झाडू घेऊन उभ्या माणिकबाईंनी नाकाला पदर लावला. "नाई जी. हा तं फवाऱ्याचा वास. म्या म्हटलं, तुमीच काई फवारलं."

पडद्यावर मेलचा पत्ता आता नासिरचा होता. शेरा: 'नासिरभाऊ चहाले गेले.'

तार अजून त्याच्या खिशात होती.

शुक्रवारी सकाळी त्यानं तार परत जोडली आणि केंद्रांची वही काढली. केंद्र ११७ दिवाळीलाच बंद झालं होतं. तिथला कॉम्प्युटर खाली जिनिंगच्या गोदामात, चिकटपट्टी लावून ठेवलेला. तो खाली उतरून बघून आला. प्लग गुंडाळलेला होता, पडद्यावर बोटभर धूळ आणि सरकी. वहीत ललिताच्या घरचा नंबर होता. फोन तिच्या आईनं, सुभद्राबाईनं उचलला.

"मी केंद्रातून नासिर बोलतो. ललितानं गेल्या पोळ्याले एक मेल केला होता. त्यात काय लिहिलं होतं?"

पलीकडे कोंबड्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"आता इचारता का, भाऊ?"

"सांगा ना, बाई."

"तिचा बाप कपाशी फवारून आला होता. ओकाऱ्या, तोंडाले फेस. मी म्हटलं, जीप बोलाव, मोर्शीले नेऊ. तं ललिता म्हणे, आई, त्यायले इचारलं मी, पोचलं म्हणते, उत्तर येऊनच राहिलं. हिरवी पट्टी होती ना. बसली. आमी बी बसलो."

"किती वेळ?"

"तो जाईस्तोर."

नासिरनं भिंतीवरच्या काचेकडे बघितलं. काचेत त्याचाच चेहरा होता, म्हणून त्यानं नजर काढली.

"ललिता कुठं असते आता?"

"त्याच खोलीत. कॉम्प्युटर तं तुमी उचलून नेलं. रिकाम्या टेबलासमोर बसते, बोटं चालवते. जेवाले उठवलं तं म्हणते, हलू नोको म्हणलं त्यायनं. आत्ता बी बसली हाय."

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

नासिरनं उत्तर लिहिलं. त्यासाठी मोतीरामांना विचारायची गरज नव्हती. ते कुणालाही माहीत होतं: 'सल्ल्याची वाट पाहू नका. माणसाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.' पत्ता केंद्र ११७. पत्ता मेलेला होता, मेल परतच यायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मनापासून लाल पट्टीची वाट पाहिली.

सर्व्हर म्हणाला, पोचलं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. सुभद्राबाई रडत होत्या की हसत होत्या, ते कळेना.

"भाऊ, ललिता उठली! वर्षानं उठली. आपल्या पायानं जीप बोलावून आणली. चार जणांले म्हणे, बाबाची बाज उचला. पोरीचं मन राखाले उचलली त्यायनं. जीपमंदी टाकली आन् गेली मोर्शीले."

"मंग चांगलं झालं, बाई."

"हो." त्यांचा आवाज खाली आला. "पण भाऊ, बाज रिकामी होती. अन् चौघायले उचलत नव्हती."

नासिरनं फोन हळूच ठेवला.

रांगेतून तो मेल गेला होता. रांग रिकामी. शून्य. नागपूरहून परतलेले बोबडे दारातून डोकावले, आकडा बघून खूश झाले. "वा, नासिरभाई! यंदाही शंभर टक्के?"

उत्तराची वाट न बघताच बोबडे गेले.

खोलीत पुन्हा तो वास आला. या वेळी जास्त.

पडदा हलला. रांगेत एक मेल आला. मग दुसरा. मग पाच. तो मोजत राहिला. धारणीकडची गावं होती, वलगावच्या आसपासची होती. अकोल्याच्या बाजूचंही एक होतं, जिथली मुलगी पट्टीच्या नियमाखाली दोन रेघा ओढताना त्यानं स्वतः पाहिली होती. ती न उघडलेली यादी आता आपोआप उघडत होती.

चाळीस.

सगळ्यांचा पत्ता नासिरचा. सगळ्यांपुढे शेरा एकच.

'नासिरभाऊ जागेवर हायेत.'

त्याच्या पडद्यावर पट्टी कधी नव्हतीच. पट्टी फक्त गावांसाठी होती. आता खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ती उमटली. हिरवी.

संध्याकाळी माणिकबाई कुलूप लावायला आल्या. नासिर खुर्चीतच होता. सकाळचा चहा साय धरून तसाच.

"नासिरभाई, घरी नाई जात का?"

"जातो," तो म्हणाला. "उत्तर येऊनच राहिलं."

माणिकबाई दारात थबकल्या. लोडशेडिंग दोन वाजताच सुरू झालं होतं. बॅटऱ्या चारला संपल्या. सर्व्हरचे पंखे बंद होते, पडदा केव्हाचाच काळा. नासिरच्या चालत्या बोटांवर मात्र थोडा हिरवा उजेड होता.