मंडपातला मंद उजेड

"बाबांना कोणी मारलं आणि पोलिसांनी नवऱ्याला पकडलं," ती म्हणाली. "निदान नवरा तरी मला परत आणून द्या."

त्या खासगी गुप्तहेराला सगळे शंकेखोर म्हणत आणि त्याला ते आवडेही. त्याचा फोटोग्राफर मित्र मात्र समोरचा सांगेल ते खरं मानून मोकळा होई.

तिचे वडील मंडपमालक. भर दुपारी मोठ्या मंडपाचे पडदे पाडून ते एकटेच दिवे जुळवत होते, तेव्हा कोणीतरी खुंट्या ठोकायची हातोडी मागून त्यांच्या डोक्यात घातली. प्रेत सापडलं ते दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरपाशी, तोही उघडा. हातात स्क्रूड्रायव्हर, मेन स्विच बंद.

नवरा त्यांच्याकडेच वायरमन होता. सासरे-जावयाचं डिमरवरून चांगलंच वाजलं होतं. नव्या एलईडी दिव्यांना जुने डिमर चालायचे नाहीत, उजेड थरथरेल, असं जावई घसा फोडून सांगत होता. अखेर म्हातारा नमला. खुनाच्या दिवशी सकाळीच जुने बल्ब उतरवून नवे दिवे आणि त्यांच्या जोडीचे डिमर बसले. दुपारी आपण घरी झोपलो होतो, असं जावई म्हणे. साक्षीला उशी तेवढी होती.

मंडपाची सजावटवाली नव्या दिव्यांवरच भडकली होती. कितीही मंद करा, उजेड आपला पांढराच, फुलं प्रेतावरची दिसतात, म्हणाली. मग तिने जीभ चावली.

राहिले मालकांचे धाकटे भाऊ, मुलीचे काका. परगावचं काम आटोपून ते त्याच दुपारी परतले होते. ते सांगू लागले.

"पडद्याच्या फटीतून पाहिलं. दिवे पार मंद केलेले, सगळं निखाऱ्यासारखं तांबूस. जावयाने हातोडी घातली, स्टेजखाली फेकली आणि मेन बंद करून पळाला."

हातोडी तिथेच सापडली होती; पोलिसांना ती जागा काकांनीच दाखवली. आता जावयाचं काही खरं नाही, असं फोटोग्राफरला वाटलं.

शंकेखोराने फौजदाराला, काकांना आणि मुलीला मंडपात बोलावलं, पडदे पाडले आणि डिमर हळूहळू खाली आणला. सगळ्यांचे चेहरे अंधुक झाले, पण उजेड शेवटपर्यंत पांढराच राहिला.

"तांबूस व्हायचे ते जुने बल्ब," तो काकांना म्हणाला. "ते सकाळीच उतरले, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चालू दिव्याच्या डिमरमध्ये स्क्रूड्रायव्हर कोण घालेल? मेन स्विच तुमच्या भावानेच बंद केला होता. तुम्ही पडदा सारून आलात तेव्हा दिवे लागलेलेच नव्हते."

"मग यांनी काहीच पाहिलं नाही?" फोटोग्राफरने विचारलं.

"दिवे पाहिले नाहीत. पण हातोडी कुठे पडली ते यांना बरोबर ठाऊक होतं. ते फक्त फेकणाऱ्याला माहीत असणार."

काकांनी शेजारच्या खांबावर हात ठेवला.

"जन्मभर खांब मी रोवले," ते म्हणाले, "आणि दादा धंदा जावयाच्या हवाली करायला निघाला."

फौजदाराने त्यांचा दंड धरला. मुलगी आडवी आली. सुटका मागायला आलेली ती बाई, पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं नाव नव्हतं.

"बाबा गेल्यापासून," ती म्हणाली, "मी तुमच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडतेय, काका. तुम्ही मला थोपटत होतात."

काकांनी हात मागे लपवले.