काजळीतील दोन स्वच्छ ठिपके

“माझ्या नवऱ्याने क्लिप लावली होती. एवढंच सिद्ध करून द्या, मॅडम.”

वर्तकनगरातील त्या लहानशा कचेरीत मेघना खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिचा पती राजरत्न आंबिवलीच्या छपाई कारखान्यात यंत्रचालक होता. चार दिवसांपूर्वी तेथे आगीचा भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. इस्पितळातून सुटताच त्याच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल होणार होता.

“ठाकुर्लीत आमच्या चाळीत पोरं त्याच्याकडे काम शिकायला येतात,” ती म्हणाली. “आता म्हणतात, गुरुजीच चुकले. हाताचं काय, भरतील हो. हे कसं भरायचं?”

खासगी तपासनीस नीरजा चौबळ यांनी लगेच पर्स उचलली. त्यांचे सहकारी प्रफुल्ल, विमा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी चहा तसाच टाकून त्यांच्यामागोमाग धाव घेतली.

कारखान्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर लवचिक ठशांनी, म्हणजे फ्लेक्सो पद्धतीने, छपाई होत असे. देखरेख करणारे श्रीपाद यांनी प्रफुल्ल यांना सर्व समजावून दिले. शाई पातळ करण्यासाठी सॉल्व्हंट, म्हणजे झटकन पेट घेणारे द्रावक, ओतावे लागते. ओतताना लोखंडी पिंपात स्थिर वीज साठते आणि तिची एक ठिणगी वाफेला पुरते. म्हणून तारेची एक क्लिप पिंपाला, दुसरी भिंतीवरील अर्थिंगच्या पट्टीला लावायची. वीज निमूटपणे जमिनीत उतरते.

“वाफ खेचणारा पंखा?” नीरजांनी विचारले.

“चालू होता. दिवे ठिणगीबंद, मोबाइल दाराबाहेर. राजरत्न दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तनदिनासाठी नागपूरला गेलेला, परतल्यावर पहिलीच पाळी.”

“अर्थिंग कधी तपासलं?”

“नवरात्राआधी, मीटरने. एकदम बरोबर होतं.”

“आणि आगीनंतर?”

“मी राजरत्नला उचलून गाडीत घातलं आणि तडक कल्याणचं इस्पितळ गाठलं. शेठ एकटेच आत शिरून आग विझवत होते.”

शेठ म्हणजे हितेश म्हात्रे. वय चाळिशीचे, डोळे रात्ररात्र जागलेले.

“पट्टीकडची क्लिप जमिनीवर पडली होती,” ते तुटकपणे म्हणाले. “लावलीच नव्हती त्याने. मी काय खोटं बोलतो का?”

प्रफुल्ल यांनी ती क्लिप निरखली. जुनी होती, दात झिजून बोथट झालेले, आणि दातांच्या फटीत चंदेरी कण अडकलेले. तो पट्टीचाच कीस असावा, असे त्यांनी ठरवून टाकले.

नीरजा मात्र पट्टीपुढे उकिडव्या बसल्या. पट्टी काजळीने काळीकुट्ट झाली होती. केवळ एका ठिकाणी, कडेच्या दोन्ही बाजूंस एकेक, असे दोन ठिपके चंदेरी चमकत होते.

“बोट लागलं असेल कुणाचं,” प्रफुल्ल म्हणाले.

“समोरासमोर, दोन्हीकडून?”

कारखान्याच्या कचेरीत चौरंगावर एक जुने फावडे पुजलेले होते. त्यावरील झेंडूची माळ सुकली होती; फावडे मात्र चांदीसारखे लखलखत होते. हितेशचे वडील सीतारामदादा तेथेच बसले होते. जमीन त्यांची, तारुण्यात मिठागरात राबलेले.

“दादा, फावडं नवं घेतलंत का?” प्रफुल्ल यांनी सहज विचारले.

“नवा कशाला? माझे बापाचा हाय,” म्हातारा खुलला. “खंडेनवमीला आमी सगली हत्यारा चकचकीत करतो. यंदा मशिनीचे पाय, ती भिंतीवरची गंजकी पट्टी, सगला मी सोता केला. दोन हात दिले!”

त्यांच्या नखांच्या कडांना अजून चंदेरी रेघा होत्या.

नीरजांनी सर्वांना पट्टीपाशी बोलावले. मेघनाही येऊन दाराशी उभी राहिली होती.

“श्रीपाद, मीटर आणा. वीज वाहायची वाट अखंड असेल तर वाजतो ना?”

मीटरचे एक टोक अर्थिंगच्या मुख्य तारेला आणि दुसरे त्या चंदेरी ठिपक्याला टेकवण्यात आले. मीटर मुका राहिला.

“पण हा तर धातू आहे!” प्रफुल्ल उद्गारले.

“धातू नव्हे, वर चंदेरी रंगाचा लेप आहे. राजरत्नही तुमच्यासारखाच फसला. तो सुट्टीवर असताना पट्टीवर दोन थर चढले. पट्टी नव्यासारखी दिसली, त्याने नेहमीप्रमाणे क्लिप लावली. बोथट दात रंगातच रुतले, लोखंडापर्यंत पोहोचलेच नाहीत. रंगातून वीज वाहत नाही; ती पिंपातच अडकली.”

“क्लिप लावली होती, हे कशावरून?” हितेशचा आवाज चिरकला.

“काजळीवरून. आग लागली तेव्हा या दोन ठिकाणी काहीतरी घट्ट धरून बसलं होतं, म्हणून तिथे काजळी बसली नाही. दातांत अडकलेत ते रंगाचे कण. क्लिप आगीनंतर काढली गेली. श्रीपाद कल्याणच्या वाटेवर होते. आत एकच माणूस होता.”

“तुम्ही क्लिप रंगावर पाहिलीत आणि एका क्षणात सगळं उमगलं. रंग कुणी दिला, हेही तुम्हाला ठाऊक होतं. स्वतःला नव्हे, हितेशशेठ, तुम्ही वडिलांना वाचवत होतात.”

हितेशने मान खाली घातली. “ऐंशीच्या घरातला माणूस... चौकीत कसा बसवू?”

“अन् तिचे माणसाला बसवतोस?” मागून सीतारामदादांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले, कोणाला कळले नव्हते. “मना कुनी सांगला नाय, म्हनून रंगवला. मी सांगंन चौकीत. तू गप नको बसू.”

“रंगाचा दोष एकट्या दादांचा नाही,” श्रीपाद हळूच म्हणाले. “पुन्हा तपासायचं काम माझं होतं.”

हितेशने मोबाइल घ्यायला दाराबाहेर पाऊल टाकले. चौकीचा नंबर लावण्याआधी तो मेघनापुढे थांबला. “वहिनी, मी...”

“मला नको,” ती म्हणाली. “चाळीत येऊन सांगा. त्या पोरांसमोर.”

त्याने होकारार्थी मान हलवली.

इकडे म्हाताऱ्याने कोपऱ्यातील पॉलिश पेपर उचलला होता. गुडघे टेकून तो आपलाच रंग खरवडू लागला. प्रफुल्ल यांनी मदतीस हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो बाजूला सारला. आतील करडे लोखंड उघडे पडेपर्यंत तो घासत राहिला.

श्रीपाद यांनी मीटर टेकवला.

मीटर वाजला. मेघनाने पदराने डोळे टिपले आणि म्हटले, “पुन्हा वाजवा. इस्पितळात त्याला फोनवर ऐकवते.”