केतकीचा सवयपट

पोहे झाकून ठेवले होते. दाखवण्याच्या कार्यक्रमात आता आधी सवयपट उघडायचा आणि मग पोहे, अशी पद्धत पडली होती. सांगलीला शेवड्यांच्या घरी रविवारी सकाळी अकरा वाजता भिंतीवरच्या पडद्यावर दोन याद्या शेजारी शेजारी झळकत होत्या. डावीकडे केतकी शेवडे, वय सत्तावीस. उजवीकडे निनाद बोरगावे, वय एकोणतीस. मधोमध हिरव्या रंगात आकडा होता, छत्तीसपैकी चौतीस.

"चौतीस!" निनादची मावशी पुष्पाबाई म्हणाल्या. "आमच्या नात्यात एवढे कुणालाच नाहीत. एकांचे तीस आले होते, तर त्यांना जुळं झालं."

केतकीचे वडील दामोदर शेवडे मात्र त्या आकड्याकडे, गवळ्यानं दुधात पाणी नसल्याची शपथ घ्यावी आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसे बघत होते.

सवयपट म्हणजे माणसाच्या सगळ्या यंत्रांचं सेटिंग एकाच फाइलमध्ये. गजर कितीचा, अक्षर केवढं, पंखा कितीवर, गाडीत गाणी की बातम्या. मूळ सोय साधी होती. नवा फोन घेतला की जुना सवयपट त्यात ओतायचा, मग नवं यंत्र जुन्यासारखं वागू लागे. पुढे वधूवर सेवा चालवणाऱ्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणूस स्वभाव लपवतो, पण सेटिंग लपवायचं त्याला सुचत नाही. तेव्हापासून पत्रिका मागे पडल्या.

दामोदरांनी तीस वर्षं संगणकाचे वर्ग चालवले होते. बदल करण्याआधी बॅकअप घ्या, एका वेळी एकच सेटिंग बदला, बॅकअपला तारखेचं नाव द्या, एक प्रत घराबाहेर ठेवा, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना झोपेतही येई. घराबाहेरची प्रत ते स्वतः मिरजेला मेहुण्याकडे ठेवत. मेहुणा तिच्यावर चहाचा कप ठेवत असे.

"निनादराव, शेवटचा बॅकअप कधी घेतलात?"

"मी घेत नाही, काका."

दामोदरांनी बायकोकडे, नलिनीबाईंकडे पाहिलं. मुलगा दारू पितो असं कळलं असतं तरी त्यांचं तोंड एवढं कडू झालं नसतं.

"फार स्वच्छ आहे हो पट," ते म्हणाले. "वापरातल्या पटात कचरा असतो. माझ्या पटात पहाटे चारचा गजर आहे, योगासनं करणार होतो तेव्हाचा. यांच्या पटात सोडून दिलेला एकही संकल्प नाही."

"अहो, मुलगा टापटीप आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "कचराच बघायचा असेल तर आपला माळा आहे की."

"लहानपणापासून टापटीप!" पुष्पाबाईंनी ठोकून दिलं.

"नाही, मावशी," निनाद म्हणाला. "खरं सांगतो, काका. मी रात्री दीडला झोपणारा माणूस. तीन आठवडे झाले, फोन पहाटे साडेपाचला उठवतोय. गजर मी लावलेला नाही."

"मग बंद का नाही केलात?"

"दोन दिवस चिडलो. तिसऱ्या दिवशी बरं वाटायला लागलं."

दामोदर उठले. तीन आठवड्यांपासून केतकीही साडेपाचला उठत होती. त्यांनी ते कॅल्शियमच्या गोळ्यांच्या खात्यावर टाकलं होतं. आतून त्यांनी बॅकअपची एक डबी आणली. तिच्यावर या महिन्याच्या एक तारखेची चिठ्ठी होती. डबी पडद्याला जोडून त्यांनी केतकीचा जुना सवयपट आजच्या पटाशेजारी मांडला.

एकसष्ट ठिकाणी फरक होता. बदल कुणी केला, या रकान्यात केतकीचं नाव एकदाही नव्हतं. एकसष्ट वेळा ही जुळणी करणाऱ्या वधूवर सेवेचंच होतं. दामोदरांनी निनादच्या फोनवरही तोच रकाना उघडला. तिथेही तेच.

"नाव नोंदवताना परवानगी दिली होती का?"

"सेटिंग वाचायची दिली होती," निनाद म्हणाला.

"वाचायची आणि सुधारायची," केतकी हळूच म्हणाली. "बारीक अक्षरात होतं."

"म्हणजे जोडी जुळवत नाहीत, घडवतात," दामोदर म्हणाले. "रोज थोडी तुझी यंत्रं याच्याकडे सरकवायची, थोडी याची तुझ्याकडे. माणूस यंत्रामागे जातोच." त्यांनी केतकीचा जुना पट निनादच्या आजच्या पटाशी ताडून पाहिला. छत्तीसपैकी नऊ. त्यांना मनापासून बरं वाटलं.

"नऊ तर नऊ," केतकी म्हणाली. "तीन आठवडे आम्ही रोज बोलतोय. मला हा आवडतो, बाबा."

"तुला आवडत नाही, तुला आवडायला लावलाय! माझ्याकडे तुझी एक तारखेची प्रत आहे, ती परत टाकतो. महिनाभर जुन्या सवयींत राहा आणि मग सांग." त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा. तुम्ही माझा बॅकअप दर महिन्याला घेता?"

"सगळ्या घराचा घेतो."

"मला विचारून?"

"काळजीपोटी घेतो गं."

"जुळणीवाल्यांनी निदान माझी सही तरी घेतली होती."

पुष्पाबाईंनी पंखा चालू आहे ना, हे वर पाहून तपासलं.

"आणि ती एक तारखेची केतकी कुणी घडवली?" केतकी म्हणाली. "तेराव्या वर्षी पहिला फोन दिलात, तेव्हा सेटिंग कुणी लावलं? नंतर चार फोन झाले. दर वेळी तुम्हीच तो पट पुढच्यात ओतलात."

नलिनीबाईंनी दामोदरांसमोर पाण्याचा पेला ठेवला. त्यांची बाजू घ्यायची नसली की त्या पाणी देत.

केतकीनं आपला फोन काढला. "मला दोन्ही नकोत. कोरा करते. निनाद, तू?"

"माझ्याकडे तर मागे जायला जागाच नाही," म्हणत निनादनंही फोन पुढे ठेवला.

"आधी प्रत घे!" दामोदरांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याकडे आहे की."

दोन्ही फोन पांढरे झाले आणि एकेक प्रश्न विचारू लागले. भाषा कोणती? अक्षर केवढं? पहिले पाच-सहा सहज गेले. मग केतकी थांबली. पुढचा प्रश्न होता, अनोळखी माणसानं संपर्क साधला तर काय करावं? खाली तीन पर्याय होते. येऊ द्या. थांबवून नाव विचारा. न कळवता अडवा.

"बाबा, यातलं आजवर माझं कुठलं होतं?"

दामोदरांनी पडद्याकडे पाहिलं. एकसष्टांतला तो अठरावा फरक होता. एक तारखेपर्यंत 'न कळवता अडवा'. तीन तारखेपासून 'येऊ द्या', बदल करणारी वधूवर सेवा.

"तू तेरा वर्षांची होतीस," ते म्हणाले.

"मग मी चौदाची झाले. मग वीसची." तिनं निनादकडे पाहिलं. "तुझा पहिला फोन कधी आला होता?"

"पाच तारखेला."

"म्हणजे तुमच्या सेटिंगवर हा माझ्यापर्यंत पोचलाच नसता?"

"नसता," दामोदर म्हणाले.

जुन्या पटाच्या तळाशी बारीक अक्षरात 'अडवलेले' असं लिहिलं होतं, आणि शेजारी यादी उघडायचा बाण. चौदा वर्षांची यादी, तारीखवार. ही आपण कधी उघडून पाहिलेली नाही, हे दामोदरांना आत्ता सांगावंसं वाटलं. पण या खोलीत ते कुणाला पटेल, याची त्यांना शंका होती.

केतकी उठून पडद्याजवळ गेली आणि त्या बाणापाशी बोट धरून उभी राहिली.

"बाबा," तिनं विचारलं, "यात कोण कोण आहे?"