रिकामं मिनिट

आमच्या पॉडकास्टच्या प्रत्येक भागात एक मिनिट असं असायचं, की त्यात कुणीच बोलत नसे. ऐकणाऱ्यांना ते कधी कळलं नाही. गप्पा संपल्या की मी पाहुण्यांना म्हणायची, "आता एक मिनिट नुसतं बसायचं. हलायचंसुद्धा नाही." माईक चालू ठेवून खोलीची शांतता टिपून घ्यायची. नंतर कुणाचा खोकला, कुणाचं दहाव्यांदा आलेलं 'अ‍ॅक्च्युअली' कापलं, की त्या भोकात ही शांतता भरायची. नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. त्या फाइलला मी नाव द्यायची, 'रिकामं मिनिट'.

बंगळुरात, बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर आमचं घर. बेडरूमला लागून कपडे ठेवायची एक छोटी खोली आहे, तोच स्टुडिओ. दांडीला टांगलेले माझ्या नवऱ्याचे, अवधूतचे कोट, नागपूरहून आईनं पाठवलेल्या दुलया, दोन स्टुलं. पाहुण्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. बंगळुरातल्या मराठी माणसांसाठी गप्पा असं मी सुरू केलं, तेव्हा माझी मुलगी आर्या आठ महिन्यांची होती आणि दिवसभर मला तिच्याखेरीज बोलायला कुणी नव्हतं. आता ती चौदा महिन्यांची आहे. चालते, 'बाबा' म्हणते. टाटा मात्र करत नाही. आई रोज व्हिडिओ कॉलवर हात हलवून हलवून थकते, ही नुसती बघत राहते.

रेकॉर्डिंग सकाळी अकराला, तिच्या झोपेच्या वेळी. तिची लाकडी कॉट हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशी. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी. अवधूत पलीकडच्या खोलीत, दार उघडं ठेवून, ऑफिसच्या मीटिंगमध्ये.

शहरातल्या प्राण्यांवरच्या भागासाठी राजाजीनगरहून पद्मनाभकाका आले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, तीन पिढ्या बंगळुरात, पंचवीस वर्षं झाडांवर डोळे लावून हिंडलेले.

"बिबट्याचं सगळे विचारतात, अक्का. लोरिसचं कोण विचारत नाही," ते म्हणाले. "मुठीएवढं जनावर. डोळेच डोळे. कानडीत काडुपापा म्हणतात, रानातलं बाळ. आई चरायला जाते तेव्हा पिल्लाला फांदीवर ठेवून जाते. एकटं."

"आणि ते राहतं?"

"राहतं की. हलत नाही, रडत नाही. मी एकदा बघितलं, जायच्या आधी तिनं त्याची टाळू चाटून चाटून ओली केली. आपला वास लावून ठेवला, ओळखीला."

मी नकळत दाराकडे पाहिलं. "असं किती दिवस ठेवते?"

"पकड बसेपर्यंत. मूठ पक्की झाली की पाठीवर घेते आणि चालली. मग त्या फांदीवर परत येत नाही."

रिकाम्या मिनिटात काका दगडासारखे बसले. बाहेर आलो, तर आर्या जागी होती. पाठीवर पडून, जाळीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत. तिच्या टाळूवरचे केस ओले होते. एका बाजूला नीट बसवल्यासारखे. मी वाकून हुंगलं. तुरट, ओल्या सालीसारखा वास.

"घाम गं," अवधूत हेडफोन मानेवर घेत म्हणाला. "बाळांच्या डोक्यालाच जास्त येतो."

"किती शहाणी आहे हो," काका चपला घालता घालता म्हणाले. "चाळीस मिनिटं, स्वल्पसुद्धा रडली नाही."

तोपर्यंत मलाही त्याचं कौतुकच होतं.

पुढचा भाग मनःस्वास्थ्याचा. बसवनगुडीच्या समुपदेशक विद्याताई आल्या. नव्या आयांच्या काळजीबद्दल बोलताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माईक विसरून सांगून टाकलं. मी दर दहा मिनिटांनी श्वास तपासते. गॅस तपासते. जाळीच्या गाठी तपासते.

"तपासलं की बरं वाटतं?"

"दोन मिनिटं."

"मग आज एक करू. हे संपेपर्यंत उठायचं नाही. काही होत नाही, हे तुमच्या मनाला एकदा कळू दे."

मी उठले नाही. पण थोडी लबाडी केली होती. जुना फोन आवाज टिपायला लावून कॉटखाली ठेवला होता.

त्या दिवशीही केस ओले होते. आणि आर्याची मूठ कॉटच्या गजावर इतकी घट्ट, की मला एकेक बोट सोडवावं लागलं.

दुपारी मी फोनवरचं ऐकलं. पंखा. खालच्या रिंग रोडचे हॉर्न. कबुतरांची घुमघुम, जी आमच्याकडे कधीच थांबत नाही. छत्तीस मिनिटं एवढंच. मग, मी आत ज्या क्षणी "आता हलायचं नाही" म्हणाले असेन त्या क्षणी, कबुतरं थांबली. त्या शांततेत एक आवाज होता. मांजर बशीतलं दूध पितं तसा, पण सावकाश. वेळ घेऊन. एक मिनिट. नंतर कबुतरं पुन्हा घुमायला लागली.

अवधूतनं दोनदा ऐकलं. "एसीच्या पाइपातून पाणी ठिबकतंय. सुचेता, तू झोपतेस किती?"

"विषय झोपेचा नाही."

"मला वाटतं तोच आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "विद्याताईंची वेळ घेऊ या. नुसत्या गप्पांसाठी नाही. नीट."

मी हो म्हटलं. मी चूक असेन तर औषधं घ्यावी लागतील, तेवढंच. ते मला चालणार होतं. बरोबर असले तर कुणीतरी माझ्या मुलीची मूठ पक्की व्हायची वाट बघत होतं.

त्यापुढचा भाग भुताखेतांचा. राजस नावाचा एक मुलगा, पुण्याचा, आयटीतला. सुट्टीच्या दिवशी झपाटलेली म्हणून सांगितली जाणारी घरं तपासतो आणि गळका नळ, सैल खिडकी, सदोष वायरिंग दाखवून लोकांचा विरस करतो. चाळीस मिनिटं त्यानं मला खूप हसवलं. "ताई, ऐंशी घरं बघितली. भूत एकही नाही. प्लंबरची गरज मात्र ऐंशीही घरांना होती."

मला तोच हवा होता. मी फोनवरचं त्याला ऐकवलं.

"पाइप," तो म्हणाला. मग पुन्हा लावायला सांगितलं. मग काकांच्या भागाचं रिकामं मिनिट, आधीमागच्या आवाजासकट, मागितलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. यातही दूरवरची कबुतरं आधी होती, मिनिटभर नव्हती, नंतर होती. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

"चला, आपलं मिनिट घेऊ या," मी म्हटलं.

"ते राहू द्या ना." तो उठलाच. "तुमच्याकडे आधीचं आहे, तेच वापरा."

"खोली तीच असली तरी माणसं बदलली की शांतता बदलते. आणि तू तर म्हणालास पाइप आहे."

"पाइपच आहे." त्यानं हॉलमधून जाताना कॉटकडे पाहिलं नाही. लिफ्टपाशी मात्र वळला. "ताई, पाणी थेंब थेंब पडायला कुणाला गप्प बसावं लागत नाही. बरं, येतो."

आर्याचे केस त्या दिवशी कोरडे होते. मिनिट झालंच नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला, उजेडात, अवधूत म्हणाला, "हे एकदा करून संपवू. तू आत बस, तिला मांडीवर घे, दार लाव. मी बाहेर वेळ लावून उभा राहतो. कॉट नाही, जाळी नाही. तुझी तुलाच खात्री पटेल. उद्या विद्याताई आहेतच."

"तूही आत ये."

"माझा श्वास म्हणजे प्रेशर कुकर, तूच म्हणतेस." तो हसला. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाला, "मी दाराला टेकून उभा आहे. कुठेही जात नाही."

मी स्टुलावर बसले. डावा हात आर्याभोवती. उजव्या हातानं वरची कपड्यांची दांडी धरली, आधाराला. हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवली, म्हणजे तिथे दुसरं काही पोचायला जागाच नको.

माईक चालू केला. दार लागलं.

"सुरू," अवधूत बाहेरून म्हणाला.

कबुतरं थांबली.

आर्या हलली नाही. मीही हलले नाही. तिची टाळू माझ्या हनुवटीखाली कोरडी होती, गरम होती, आणि मी मनात आकडे म्हणत होते. वीस. एकवीस. दुलयांचा वास गेला. ओल्या सालीचा आला.

तीस.

मला भीती वाटली नाही, हे मी खरं सांगते. गेल्या चौदा महिन्यांत पहिल्यांदाच काहीही तपासावंसं वाटलं नाही. इतकं शांत मला लहानपणी आईनं केस विंचरताना वाटायचं.

साठ.

दार उघडलं. मी पहिल्यांदा आर्याचं डोकं चाचपलं. कोरडं. खडखडीत कोरडं. मी हसत होते आणि रडत होते. "नाही झालं काही. अवधूत, नाही झालं!"

"बघ," तो म्हणाला. त्यानं आर्याला उचलून खांद्यावर घेतलं. "चल, बाहेर ये आता."

मला उठता येईना. उजवा हात दांडी सोडत नव्हता. मी ओढला, तरी नाही. अवधूतनं मोकळ्या हातानं माझी बोटं सोडवली, एकेक करून.

मग तो थबकला. वाकून माझ्या डोक्यापाशी श्वास घेतला.

"तू आत्ता न्हालीस का?"

मी टाळूवर हात नेला. केस ओले होते. एका बाजूला नीट बसवलेले.

मी वर पाहिलं. आर्या बाबाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिनं हात उचलला आणि सावकाश, आईनं रोज शिकवलं होतं अगदी तसा, मला हलवून दाखवला.