बर्फातला ताप

सुट्टीनंतरच्या सकाळी शीतगृहात शिरताना तिने नेहमीसारखा जाड कोट चढवला आणि दोन पावलांतच काढून हातावर टाकला. आत चक्क उकडत होतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास भरून राहिला होता, छताखालचे पंखे मुकाट उभे होते. माल फाटकाशी उभ्या गाडीत चढून गेल्यामुळे मांडण्या रिकाम्या होत्या. दारावरचा तापमानाचा पडदा मात्र हिरवागार. आकडा चार अंश.

या औषध कारखान्यातल्या सगळ्या सेन्सरांची देखभाल तिच्याकडे होती. नवी यंत्रणा आल्यापासून माणसाला कोणी विचारत नव्हतं. गाडीच्या ठरल्या वेळेला आकडा हिरवा असला की फाटक आपोआप उघडायचं आणि गाडी सुटायची. आजच्या गाडीत तान्ह्या बाळांची इंजेक्शनं होती. उबेत राहिली की ती नासतात, आणि वरून दिसतात मात्र तशीच्या तशी.

तिने सेन्सरच्या तारेचा माग काढला. तार मांडणीमागे उतरली होती आणि तिचं टोक बर्फाने भरलेल्या थर्मासात बुडवलेलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्योग कोणाचा, हे विचारायलाही नको होतं. थर्मास तिच्याच घरचा होता. त्याचा तुटका कान सासूबाईंनी दोऱ्याने बांधलेला होता.

कारखान्याचा प्रमुख म्हणजे तिचा धाकटा दीर. तिने त्याला तिथेच बोलावून घेतलं.

"भावोजी, हे काय आहे?"

"सुट्टीत यंत्र बंद पडलं, वहिनी. कोणाला कळलंय का? मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तुमची, पण बाळं लोकांची आहेत!"

"घरी तुम्ही मोठ्या. इथे मी."

तिने सेन्सर उपसला, कोटाला पुसला आणि हवेत धरला. आता खरं काय ते दिसेल, फाटक अडेल, मग बघू हा तोंड कुठे लपवतो! आकडा चढला. पंचवीसवर आला. खोलीत तेवढंच होतं. तरी तो थांबला नाही. तीस. पस्तीस. सदतीसवर येऊन स्थिरावला.

"बिघडलाय तुमचा सेन्सर," दीर हसला. त्याने तो हिसकावून परत बर्फात खुपसला.

आकडा उतरला नाही. अडतीस झाला.

तिने थर्मासात बोटं घातली. बर्फ हाडापर्यंत झोंबला. एकोणचाळीस. लेकीच्या काखेतल्या थर्मामीटरमध्ये तिने पारा असाच चढताना पाहिला होता.

चाळीस. पडदा लाल झाला.

दिराचं हसू मावळलं, पण अक्कल काही आली नाही. त्याने फोन काढला आणि शेजारच्या चांगल्या शीतगृहाचा आकडा या दाराला जोडून दिला. पडदा पुन्हा हिरवा. बाहेर फाटक सरकल्याचा आवाज आला.

"लाज नाही वाटत?" ती किंचाळली. "मी आत्ताच्या आत्ता निरीक्षकांना कळवते. घर गेलं खड्ड्यात!"

"कळवा. आकडे माझ्या बाजूने आहेत."

ती धावतच आपल्या टेबलापाशी आली आणि फोन लावला. गाडीतल्या प्रत्येक खोक्यात एक बारका सेन्सर होता. गाडी फाटकाबाहेर पडली की ते जागे होत आणि तिच्या पडद्यावर दिसू लागत. कानात घंटी वाजत होती. पडद्यावर गाडीचा आकडा आला. चार. तिथला गारवा ठीक होता.

मग पहिलं खोकं जागं झालं. सदतीस.

दुसरं. तिसरं. मग सगळीच.

आकडे एकसारखे नव्हते. माणसांचे असतात तसे थोडे थोडे वेगळे होते. ते सगळे मिळून चढू लागले.

"बोला," पलीकडून निरीक्षक म्हणाले.

सगळ्यात खालच्या खोक्याचा आकडा तेवढा, अंग गार पडत जावं तसा, उतरत होता. तीस. वीस. दहा.

चारवर आला आणि हिरवा झाला.